पेशंटच्या जागी पोचलेली बॅग

मी एक बॅग बोलतेय. निळी, दोन बंदांची, एका बाजूची चेन बिघडलेली. दाराआडच्या खुंटीवर माझा मुक्काम. दुकानात होते तेव्हा वाटायचं, आपण सहलींना जाणार, विमानात बसणार. नशिबी आली इमर्जन्सी!

या घरात माणसं तीनच. बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवतात, आई शाळेत गणित शिकवते आणि त्यांची एक लेक आहे. काडीसारखी बारीक, म्हणून बाबा तिला लाडानं ढमी म्हणतात. ढमीच्या आतड्याला सूज येते. औषधांनी निवते, पुन्हा उसळते. कळ आली की ढमी संडासाकडे पळते आणि आईबाबा हॉस्पिटलकडे.

म्हणून मी कायम भरलेली. कपडे, टॉवेल, औषधं, चड्ड्यांचा एवढा मोठा गठ्ठा. ढमी नुसती "आई गं" म्हणाली की मी खुंटीवरून खाली! आपल्यावाचून या घराचं पान हलत नाही असं मला वाटायचं. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली असायचे अगदी.

इमर्जन्सीत जाऊन करायचं काय, तर बसायचं. मग नवे डॉक्टर यायचे. "बाहेरचं काय खाल्लंस?" हा पहिला प्रश्न. ढमी बिचारी आपल्या आजाराची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगायची. सुई टोचायचे, रक्त काढायचे आणि बहुतेक वेळा "उद्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा" ऐकून आमची वरात परत. त्या नेहमीच्या डॉक्टरांकडच्या सिस्टरनी आईला कितीदा तरी बजावलं होतं, "निघण्याआधी मला एक फोन करत जा हो." पण घाबरलेल्या माणसाला फोन सुचत नाही, बॅग सुचते.

आमची निघायची रीतही ठरलेली. आधी मला मागच्या सीटवर टाकायचं, माझ्यावर डोकं ठेवून ढमी आडवी होणार, अंगावर चादर. आई कुलूप लावून मागून स्कूटरवर.

त्या सकाळी ढमी गाडीत आडवी झाली, पण बाबा फाटक उघडत होते तेवढ्यात तिला पुन्हा कळ आली. चादर माझ्यावर टाकून ती घरात पळाली. बाबा आले, चादरीखालचा उंचवटा पाहिला आणि निघाले सुसाट! वाटभर मला सांगत होते, "थोडी कळ सोस गं बाळा, आलंच बघ." मीही सोसली. कळ सोसण्यात माझा हात कोण धरणार?

इमर्जन्सीच्या दारात तिथल्या एक सिस्टर स्ट्रेचर घेऊन धावत आल्या. त्यांनी चादर उचलली, माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"बॅगेला काय होतंय?"

"गाडी सुरू करण्याआधी आरसा बघा" हे वाक्य दिवसभर लोकांना ऐकवणारा माणूस तिथे उभ्या उभ्या घामानं भिजला.

इकडे घरी, हे मला मागाहून कळलं, ढमी बाहेर आली तर गाडी गायब. स्कूटरवर तिला बसवेना. नाइलाजानं आईनं शेवटी नेहमीच्या डॉक्टरांकडच्या सिस्टरना फोन लावला.

"तिच्याकडेच द्या फोन," सिस्टर म्हणाल्या.

ढमीनं सांगितलं, "नेहमीसारखंच दुखतंय. रक्त नाही, ताप नाही, उलटी नाही." एवढंच. औषध कसं घ्यायचं ते सिस्टरनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावलं आणि त्याच संध्याकाळपर्यंत पोट शांत झालं. तिच्या पोटात काय चाललंय हे तिला विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

त्यानंतर माझा धंदाच बसला. आधी ढमीला विचारायचं, मग फोन. मी खुंटीवर धूळ खात राहिले आणि मनातल्या मनात सिस्टरांच्या नावानं बोटं मोडत राहिले.

मग एका दुपारी ढमी शाळेतून आली आणि दारातच खाली बसली. "आई, आज हे नेहमीचं नाही." पोट फुगलेलं, टणक. हिरवी उलटी झाली. आईनं फोन लावला. पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "पाणीसुद्धा देऊ नका. लगेच निघा, मी तिकडे कळवते."

बाबांनी ढमीला उचललं. मी तयारच होते. आईबाबा माझ्यासमोरून गेले, दार लागलं, गाडी गेली. मी खुंटीवरच!

आधी राग आला. मग घर फार शांत झालं आणि मला भीती वाटायला लागली. ती पोर परत येईल ना, एवढंच मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले. डोळे तांबारलेले. आतड्याची वाट बंद झाली होती. वेळेत आणलंत म्हणून ऑपरेशन टळलं, असं ते शेजाऱ्यांना दारातच सांगत होते. बोलता बोलता त्यांनी मला खुंटीवरून काढलं. मी फुगले. तेवढ्यात फोन वाजला. ढमीचाच आवाज, बारीकसा.

"बाबा, माझी चप्पल आणा. डॉक्टरकाका म्हणाले, आज थोडं चालायचं."

"आणतो गं राणी. बॅगच घेऊन येतो ना."

"बॅग नको! ती दिसली की माझ्या पोटात गोळा येतो."

 

इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्यावर डोकं ठेवलं की तिला बरं वाटतं. कुणी विचारलं होतं तिला? मी तरी कुठे विचारलं?

बाबांनी मला खाली ठेवलं. चप्पल तशीच हातात घेतली आणि धावत पायऱ्या उतरले.

तेव्हापासून मी दारापाशी जमिनीवर पडून आहे. माणसांनो, तुमच्या घरी असं दुखणाईत लेकरू असेल तर बॅग जरूर भरून ठेवा, पण उचलण्याआधी लेकराला विचारा. आणि ढमी घरी यायच्या आत कुणीतरी मला आतल्या कपाटात ठेवा हो, कपड्यांच्या मागे, तिला दिसणार नाही अशी.