सोमवारी सरकलेला सण

धाकटीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्यातला पिकायच्या वाटेवर होता. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात रफू करायची. फाटलेला कोट असा शिवायची की कुठे फाटला होता ते मालकालाही सापडू नये. आता तिला सुईचं नाकच सापडेना. दुकानवाल्याने दोन महिने कळ काढली आणि मग सरळ सांगितलं, "डोळा करून घे बाई, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल." सरकारी इस्पितळाने चार महिन्यांनंतरची तारीख दिली. नऊ डिसेंबर, सोमवार, सकाळी साडेनऊ. ही हुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला.

अडचण आईची होती. आई दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत. तिला उठवायला, बसवायला, धुवायला माणूस लागायचं, आणि ते माणूस म्हणजे धाकटीच. दुकान दोन गल्ल्यांवर, म्हणून ती कामातून मधे मधे घरी धावून यायची; इस्पितळातून ते जमणारं नव्हतं. त्या एका दिवसापुरतं तिने दादाला विचारलं. दादा म्हणाला, "त्यात काय विचारतेस? माझी आई नाही का ती?" हे ऑगस्टमध्ये.

दादा वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोकांच्या तराजूत खोट काढली, आता लोकांच्या भक्तीत काढायचा. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला कोण उशिरा आलं, कोण गुडघे टेकताना अर्ध्यावरच टेकलं, सगळा हिशोब याच्याकडे. लोक पाठीमागे त्याला 'बिशप' म्हणत. ते त्याच्या कानावर गेलं तेव्हा स्वारी खूश झाली, यावरून काय ते ओळखा! आईकडे दर रविवारी चर्चमधून परस्पर यायचा, वीस मिनिटं, अंगातला कोटही न काढता. देखल्या देवा दंडवत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी तो आला तो चर्चचं कॅलेंडर घेऊनच.

"नऊ तारखेला जमायचं नाही गं," तो म्हणाला. "आठ डिसेंबर मारियामातेचा मोठा सण. सक्तीचा. पण यंदा तो रविवारी आला. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा रविवार कुणासाठी जागा सोडत नाही, म्हणून सण सोमवारी सरकला. सण सरकला की सक्तीही सरकली. मिस्सा चुकवली तर पाप."

"मिस्सा संध्याकाळीही आहे ना?"

"बायबलातलं पहिलं वाचन मी करणार आहे. ते सकाळी आहे."

असं होय! धाकटीने त्याच्यापुढचा कप उचलला, अर्धा भरलेला होता तरी.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना ती फादरांकडे गेली. फादर तरुण होते आणि सर्दीने बेजार. "सण सरकतो, सक्ती सरकत नाही," ते नाक पुसत म्हणाले. "निदान आपल्या धर्मप्रांतात तरी नाही. आणि सरकली असती तरी आजाऱ्याजवळ बसणाऱ्याला ती लागू नाही. तुझ्या दादाला मी हे पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलंय."

"त्याने विचारलं होतं?"

"दोनदा. उत्तर पसंत पडलं नाही बहुतेक."

म्हणजे माहीत होतं! धाकटी घरी येईपर्यंत धुमसत होती. दादा रुक्ष आहे, आढ्यताखोर आहे, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण देवाला तरी मानतो, असं धरून ती आजवर गप्प बसली होती. तेही नाही. सूट घालून माईकसमोर उभं राहायचं, एवढाच याचा देव. तिला त्याची शिसारी आली.

तिने फोन लावला. हात आईच्या पायाच्या मालिशीत होते म्हणून फोन पलंगावर, आवाज मोठा.

"हल्लीचे फादर सगळं सोपं करून ठेवतात," दादा म्हणाला. "सक्ती नसली तरी मी पाळणार. आधी देवाचं. तू एखादी बाई बघ ना त्या दिवसापुरती."

धाकटीने तेलकट बोटानेच फोन बंद केला. आईने सगळं ऐकलं होतं.

"मला मिस्सेला ने," आई म्हणाली.

"आई, दोन वर्षांत तू घराबाहेर पडली नाहीस."

"मग? सण त्याचा एकट्याचाच आहे का? त्याच्या शेजारी नेऊन ठेव मला, आणि तू जा तुझ्या डोळ्याला."

सोमवारी आठला चर्च भरलेलं होतं. पहिल्या बाकावर दादा, राखाडी सूट, केस चापून बसवलेले. धाकटीने खुर्ची त्याच्या गुडघ्याला लावून उभी केली, ब्रेक लावला आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "यात बदलायचे कपडे आहेत. बारा वाजता गोळी. मी चारला येते."

"अगं, इथे? माझं वाचन आहे!"

"वाच की. कोण नको म्हणतंय?"

दुकानातली काजं-बटणं करणारी बाई टॅक्सी घेऊन येणार होती. तोवर धाकटी मागच्या दाराशी थांबली. दादा वर गेला, माईक उगाचच खालीवर केला, खाकरला. दोन ओळी वाचून होतात न होतात तोच पुढून आवाज आला.

"बाळा, मला बाथरूमला जायचंय."

दादा वाचत राहिला, जरा मोठ्याने.

"बाळा, आत्ता!"

फादर खुर्चीतून उठले. "तुम्ही जा. उरलेलं मी वाचतो."

दादा खाली उतरला. त्याने खुर्ची ढकलली, ती हलेना. जोर लावला, तरी हलेना. सगळं चर्च बघत होतं आणि आई शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगत होती, "ब्रेक काढ आधी. खालची कळ. ती नव्हे रे, डाव्या हाताची. बहिणीला विचारायचंस ना कधीतरी."

धाकटीचे पाय सवयीने पुढे निघाले होते. बिचारी आई ताटकळतेय, कळ तर एका बोटाची आहे. तेवढ्यात आईने मान वळवून दाराकडे पाहिलं आणि हाताने तिला उडवून लावलं, जा म्हणून.

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. दादा गुडघे टेकून चाकाखाली कळ शोधत होता. धाकटी पायऱ्या चाचपत उतरली आणि डोळा करून घ्यायला गेली.