हार घातलेला स्ट्रेचर

मित्रांनो, राधाबाईंचा उजवा पाय कापावा लागला. पण सत्काराच्या वर्षी असलं काही बोलत नाहीत. तेव्हा ते घडलंच नाही असं धरून चालू.

मी एक जुना स्ट्रेचर आहे. काळाचौकीच्या एका गिर्यारोहण मंडळाने मला डोंगरात पडलेल्यांसाठी करून घेतलं. दोन दांड्या, मध्ये जाड कॅनव्हास, चार पट्टे. तरुणपणी मी सेल्फी काढताना मागे सरकलेली माणसं खाली आणली. पट्टे बांधत असतानाही ती आधी फोन कुठे आहे ते विचारत.

मग मंडळाचे प्रमुख हितेंद्र म्हणाले, "डोंगरात माणूस कधीतरी पडतो. आपल्या चाळीत लिफ्ट कधीच नसते. समाजाला काहीतरी परत द्यायला हवं."

अशा रीतीने मी समाजाला परत दिला गेलो.

राधाबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. साखरेमुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. दर मंगळवारी परळच्या हॉस्पिटलात ड्रेसिंग असे. जिना इतका अरुंद, की मंडळाची पोरं दोर लावून, कडा उतरावा तसं त्यांना उतरवत.

"मेल्यानू, सावकाश! माका काय गडावरसून उतरवतास?" त्या ओरडत.

"काकी, गडाला निदान तटबंदी असते," दोर धरलेली प्राची म्हणे.

ते माझे सुखाचे दिवस होते. जखम भरत आली होती. तेवढ्यात आमची स्तुती झाली.

विभागातल्या एका पुढाऱ्याने सत्कार ठेवला, तोही मंगळवारी. भाषणात मला 'निःस्वार्थ कार्यकर्ता' म्हटलं आणि झेंडूचा जाडजूड हार घातला. उशीर झाला होता. पोरं मला खांद्यावर घेऊन तशीच राधाबाईंकडे धावली.

मित्रांनो, चौघांच्या खांद्यावर हार घालून चाळीत जे येतं, त्याला स्ट्रेचर म्हणत नाहीत. गॅलरीतल्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले. तळमजल्याच्या दत्तारामांनी चपला काढून हात जोडले.

"कोण गेलं रे?"

"कोणी नाही, काका."

"मग एवढ्या लवकर कशाला आलात?"

राधाबाईंच्या मुलाने, धनेशने, दार उघडलं.

"हार घालून आलात? आई जिवंत आहे माझी!"

"अरे, तो सत्काराचा हार आहे," हितेंद्र म्हणाले.

"कोणाचा सत्कार?"

"स्ट्रेचरचा."

धनेशने दार लावून घेतलं. आतून राधाबाई ओरडल्या, "अरे, मी जातंय! हार काय माका चावतलो?" पण पाय त्यांचा असला, तरी मत त्यांचं कोणी विचारलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी पोरं हार काढून गेली. शेजाऱ्यांनी जिन्यातच अडवलं. घराघरात म्हातारी माणसं आहेत, तिरडीसारखं काही वर नको, म्हणाले. मंडळानेही फार ताणलं नाही. सत्कार तर होऊन गेला होता. महिन्याभरात जखम काळी पडली. शेवटी धनेशने आईला चादरीत घालून उतरवलं. चादरीला कोणाची हरकत नव्हती.

परत आणल्यापासून राधाबाई खाली आलेल्या नाहीत. मी मंडळाच्या कार्यालयात भिंतीवर आहे, प्लॅस्टिकचा हार घालून. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढतात. अशा गोष्टींच्या शेवटी वस्तूंची काळजी घ्या असं सांगायचं असतं. माझी घेतात, मित्रांनो. रोज पुसतात.

सबब संबंधितांस नम्र विनंती की, अर्जदारास भिंतीवरून काढणे गैरसोयीचे असल्यास, सदर चाळीचा तिसरा मजला राधाबाईंसह तळमजल्यावर आणण्यात यावा.