आभार कुणाचे

आमच्या स्टुडिओत सहा दिवसांत एक चित्रपट तयार व्हायचा. ज्या जिन्यावरून या सोमवारी खुनी दबकत उतरला, त्याच जिन्यावरून पुढच्या सोमवारी एखादा विनोदी नवरा घसरून पडायचा, आणि मागच्या उघड्या मैदानात शेरीफ आणि दरोडेखोर बारा महिने एकमेकांवर गोळ्या झाडत असायचे. कॅमेऱ्याशेजारी बसून मी नोंदी ठेवायचे: पेला कोणत्या हातात होता, टोपी किती कलली होती, कोट काढला तो कोणत्या वाक्यावर. या कामाबद्दल कुणी धन्यवाद देत नाही; काही चुकलं तरच माझं नाव निघायचं. म्हणूनच असेल, १९४७ च्या वसंतात लेलंड प्रुएट यांनी आभार मानले तेव्हा मी ते मुकाट्याने घेतले.

प्रुएट मूकपटांच्या काळातले नायक. आता सत्तरीला टेकलेले, आणि वाक्यं लक्षात राहत नव्हती. त्यांची पत्नी इडा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती आणि आमच्याशिवाय त्यांना कुणी काम देत नव्हतं. दिग्दर्शक हॅनराटी यांनी त्यांना सर्वांसमक्ष सांगून टाकलं होतं, की आणखी एकदा अडलात तर तुमच्या भूमिकेतल्या न्यायाधीशाचा झगा दुसऱ्याच्या अंगावर चढेल.

पहिल्याच दृश्यात ते अडले. संहितेतलं ते वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी मान किंचित माझ्या बाजूला कलवली, काहीतरी ऐकल्यासारखं केलं आणि वाक्य घडाघडा म्हटलं. कॉफीच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले.

"आज माझी लाज राखलीत," ते हळूच म्हणाले. "देव तुमचं भलं करो."

मी काही बोलले नव्हते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी नुसती हसले.

मग हे रोजचंच झालं. ते अडायचे, मान कलवायचे, बोलायचे आणि नंतर येऊन आभार मानायचे. कानावर यंत्र लावून माशीची गुणगुणसुद्धा टिपणाऱ्या ध्वनिमुद्रकाला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. प्रुएट यांच्याशिवाय कुणाचा आवाज त्याने ऐकला नव्हता. बुधवारी त्यांनी एक वाक्य असं म्हटलं जे माझ्या कागदांवर कुठेच नव्हतं, आणि हॅनराटी त्यांच्यावर उखडले. गुरुवारी सकाळी लेखकाने दुरुस्त केलेली पानं आली. तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं, शब्दाला शब्द.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास, आरोपीला शिक्षा सुनावता सुनावता प्रुएट थांबले. मान कलवली. मग शांतपणे उठले, झगा काढून खुर्चीवर ठेवला आणि कॅमेरा चालू असताना चालते झाले. हॅनराटी मागून ओरडत राहिले. प्रुएट यांनी गाडी काढली आणि थेट घर गाठलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेऊन घडलेलं सांगितलं. वाऱ्याने शेगडी विझली होती, घरभर गॅस पसरला होता आणि इडाला उठता येत नव्हतं. त्यांनी खिडक्या फोडल्या, तिला उचलून अंगणात आणलं. आता ती बरी होती, सकाळी टोस्ट करपला म्हणून त्यांना रागावलीसुद्धा होती.

मला आता गप्प बसवेना. "मिस्टर प्रुएट, मी तुम्हाला कधीच काही सांगितलेलं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

"तू कुठली सांगतेस पोरी, तुझी मान सारखी वहीत," ते मायेने म्हणाले. "पण त्या तर सांगायचं तेवढं सांगतात, एरवी कुणाशी बोलत नाहीत. म्हटलं, तुझ्यापाशी बोललं की त्यांनाही ऐकू जाईल."

"कुणाला?"

"तुझ्या थोरल्या बहिणीला. तुझ्या मागे उभ्या असतात त्या. चेहरा अगदी तुझाच, केस तेवढे पिकलेत."

मी आईवडिलांची एकुलती एक. ते सांगायला मी शब्द जुळवत होते, तोवर मेकअपवाल्याने त्यांना बोलावून नेलं.

दुपारी हॅनराटी यांनी कालचं चित्रण पाहिलं. मग म्हणाले, न्यायाधीश उठून जातो ते तसंच ठेवा, अख्ख्या चित्रपटात तेवढंच खरं वाटतं. प्रुएट यांना त्यांनी पुढची तीन कामं तिथल्या तिथे दिली.

जेवणानंतर एक नवी मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तिच्या वाट्याला आयुष्यातलं पहिलं वाक्य आलं होतं, अवघे चार शब्द, आणि तेच तिला आठवेनात. ती पांढरीफटक पडली. मी ओठ मिटून वहीवर वाकले. आणि तिने ते म्हटलं, अगदी नीट. कॅमेरा थांबल्यावर तिने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि ओठ न हलवता, नुसत्या डोळ्यांनी आभार मानले.

मी मागे वळून पाहिलं नाही. फक्त माझी खुर्ची वीतभर पुढे सरकवली, मागे उभं राहायला नीट जागा व्हावी म्हणून.