रुईवरचा आळ

अयूबभाऊच्या गादीच्या दुकानात मी खोळी शिवते. वरोऱ्यात रजई पाहिजे असली का लोकं त्याच्याकडंच येतात. आजापासूनचा पिंजायचा धंदा हाय. माणूस चांगला, पण एकदा डोक्यात काही घुसलं का कोणाच्या बापाचं ऐकत नाई.

त्याची पोरगी अरीबा. धड बसताही येत नव्हतं, तवा तिले सर्दी झाली. साऱ्या घरालेच झाली होती. मोठ्याईची नाकं गळून मोकळी झाली, पोरीची सर्दी मात्र छातीत उतरली. बरगड्या आत ओढल्या जायले लागल्या, दूध सुटलं, चंद्रपूरले नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. बरी होऊन आली, पण तवापासून जराशी सर्दी झाली का छातीत शिट्टी वाजते.

अयूबभाऊनं गुन्हेगार शोधून काढला. रुई. घरालेच लागून असलेल्या पिंजायच्या मशीनीतून उडते, घरभर बसते, पोरीच्या छातीत जाते. त्याची बायको जरीना म्हणे, रुई तं रोज उडते, पोरगी सर्दीतच काऊन धापा टाकते? पण तिचं ऐकते कोण! मायलेकीले त्यानं गडचिरोलीले, जरीनाच्या माहेरी धाडून दिलं अन् मशीनीले गिऱ्हाईक पाहायले लागला. मशीन गेली का पोरीले आणतो, म्हणे. पुढं करन काय, तर ते त्यालेही माहीत नव्हतं. दुसरं कामच येत नाई त्याले. मले भल्ला राग आला. माझंही पोट त्याच मशीनीवर, खोटं कायले बोलू.

मंग तो पोरीले भेटायले निघाला. माझी बहीण गडचिरोलीलेच, म्हणून मीही संगं गेली. निघायच्या आधी त्यानं डोकं धुतलं, कान साफ केले, आरशात पाहून भुवयाईतली रुई वेचली. धुतलेला कुडता वेगळा पिशवीत घेतला, तो सासऱ्याच्या अंगणात घालायसाठी. अन् बसमधी सारा रस्ता नाक शिंकरत होता. मी म्हटलं, भाऊ, औषध तरी घ्या. तर म्हणे, सर्दीनं कोणी मरते काय.

अरीबानं बापाले पाहून हात पसरले. त्यानं उचललं ते खाली ठेवलंच नाई. गालाले गाल, नाकाले नाक. खिचडी फुंकून फुंकून आपल्या हातानं भरवली. पाहून मलेही बरं वाटलं.

तो परत गेला अन् पोरीचं नाक गळायले लागलं. मंग छाती. मी बहिणीकडंच होती, म्हणून जरीनासंगं दवाखान्यात गेली. निरोप भेटताच अयूबभाऊ मिळेल त्या गाडीनं आला, तवा पोरीच्या तोंडावर मास्क होता अन् त्यातून औषधाची वाफ चालू होती.

डॉक्टरीणबाईनं त्याचं रुईपुराण शांतपणे ऐकलं. धूळ चांगली नाहीच, पोरीला मशीनपासून लांब ठेवा, म्हणाल्या. मंग विचारलं, जवळच्या कोणाला सर्दी होती का. जरीना खाली पाहायले लागली. मी भिंतीकडं पाह्यलं.

"मले होती," अयूबभाऊ बोलला.

त्याईनं समजावून सांगितलं. सर्दीचे विषाणू लहानपणी छातीत असे जोरात उतरले का काही लेकरांना पुढं दमा होतो, काहींचं वाढत्या वयात थांबते. हिचं आत्ताच सांगता येत नाई. औषधाचा पंप नेमानं द्यायचा, अन् सर्दी असलेल्यानं जवळ जायचं नाई.

"म्हणजे त्या पयल्या सर्दीनंच हे झालं?"

"कदाचित. नाहीतर छाती आधीच नाजूक असेल, म्हणून ती सर्दी जड गेली असेल. आधी काय होतं, ते मला सांगता येणार नाही. दोष कोणाचाच नाही, भाऊ."

बाहेर आल्यावर मी त्याले म्हटलं, चला, मशीन विकायची गरज नाई, बरी झाली का पोरीले घरी न्या, मशीनीपासून लांब ठेवली का झालं. मले वाटलं, खूश होईन. तेवढ्यात आतून अरीबानं अब्बू म्हणून हाक मारली. तो उठला, दारापर्यंत गेला अन् तिथीच थांबला. त्याची सर्दी अजून गेली नव्हती. तिथूनच त्यानं तिले हात दाखवला, अन् माझ्याजवळ येऊन बसला.

"रुईचाच दोष असता तं बरं झालं असतं, कमळाबाई," तो म्हणाला. "मशीन विकून मोकळा झालो असतो. आता काय विकू?"