भाऊरावांचे स्पीकर

पिंपळगाव राजाच्या भीमनगरात अन्नपूर्णाबाईच्या घरी सगळ्यात धडधाकट काय असेल, तर ते दोन स्पीकर. नवरा भाऊराव सुतारकाम करायचा. घरातली सागवानी खाट मोडून त्यानं स्वतः खोकी केली आणि आत कापडी काठाचे स्पीकर बसवले. फोमचा काठ काही वर्षांत भुगा होतो, कापडाचा टिकतो, असं त्याला खामगावात कोणीतरी सांगितलं होतं. ते खरंच निघालं म्हणायचं. भाऊराव गेला, टीव्ही येऊन भंगारात गेले, स्पीकर मात्र ठणठणीत.

लेक महामायाही गेली. भीमगीतं गायची ती, आणि काय गळा होता पोरीचा! काविळीनं नेली. तिच्या आवाजाची एकच कॅसेट उरली. फीत घासू नये म्हणून अन्नपूर्णाबाईनं घरात कायदाच करून टाकला. कॅसेट लावायची ती फक्त महामायाच्या स्मृतिदिनाला, वंदना झाल्यावर. एरवी ती कपाटात. धाकटा संघपाल एकदा म्हणाला, मोबाइलमध्ये भरून देतो, रोज ऐक. बाई भडकलीच. "माह्या लेकीले त्या डबड्यात कोंबतं काय रे?"

यंदाच्या वर्षात बाईला सगळेच पुटपुटतात असं वाटायला लागलं होतं. "लोकाईले तोंड उघडाचाबी आळस!" म्हणून ती येताजाता करवादायची.

स्मृतिदिनाला गल्लीतल्या बाया जमल्या. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. संघपालनं कॅसेट घातली. अन्नपूर्णाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. वर्षभर या एका घटकेची वाट पाहिली होती तिनं. पण गाणं काही येईना. लांब कुठंतरी नुसती घरघर.

"वाढव."

त्यानं वाढवला.

"अजून वाढव न!"

"माय, फळीवरचे भांडे हालून राह्यले!" संघपाल तिच्या कानाशी येऊन ओरडला.

"मंग गेले तुह्या बापाचे स्पीकर! बंद कर, फीत फुकट घासून राह्यली." ती तरातरा उठली. मेलेल्या नवऱ्याचा तिला असा राग आला की बस! एवढी मिजास होती त्या खोक्यांची, आणि आजच दगा द्यायचा?

तेवढ्यात तिची नजर सुवर्णावर गेली. सुवर्णा शेजारची, महामायाची मैत्रीण. ती पदर तोंडाशी धरून रडत होती. बाकीच्या बायांचे ओठ हलत होते, सगळ्यांचे एकदमच. दारात रस्त्यानं जाणारी माणसं थांबून उभी होती.

"काय झालं व?"

सुवर्णानं तिला जवळ ओढलं आणि कानात मोठ्यानं सांगितलं, "काकू, आवाज जसाच्या तसा हाये. महामाया इथंच बसून गाऊन राह्यली असं वाटते."

अन्नपूर्णाबाई परत भिंतीशी बसली. आत्ता कुठं तिच्या ध्यानात आलं. कापूस पिंजायच्या जिनिंगात सारी उमर गेली होती तिची. यंत्रांच्या त्या खडखडाटात बाया एकमेकींशी हातानंच बोलायच्या. त्याच मजुरीतून हे स्पीकर आले होते. स्पीकर राहिले, कान गेले. आणि कान धड होते तेव्हा काय केलं तिनं? कॅसेट जपली. रोज ऐकता आली असती लेक. भाकरी थापताना, कापूस निवडताना, रोज! कोणासाठी जपली बाई?

संघपाल घाईनं टेप बंद करायला गेला. तिनं त्याचा हात धरला.

"राहू दे. दुसऱ्या कडव्यात थे ओळ विसरते आन् हासते. थे जागा आली का?"

"नाई अजून." त्यानं मान हलवून सांगितलं.

"आली की सांग मले."

तो तिच्याजवळ बसला. बाई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. खोलीतल्या बाया रडता रडता एकदम हसल्या, आणि संघपालनं तिचा हात घट्ट दाबला.

"हासली, माय."

"हासली?" अन्नपूर्णाबाई म्हणाली, आणि हंबरडा फोडून रडली.