गालात मावेल एवढी हवा

"रडत का न्हाई गं त्ये?" सुनेच्या उशाशी बसलेल्या बयाबाईंनी पुन्हा विचारलं.

 पोर येसूबाई सुईणीच्या तळहातावर पालथं पडलं होतं, निळसर आणि गप्प. तिने पाठ चोळली, तळपायांना टिचक्या मारल्या. पोर ढिम्म.

"मी निखारं आनते. वार शेक," म्हणत बयाबाई चुलीकडे धावल्या.

नाळेच्या दुसऱ्या टोकाची वार पडली होती, नाळ अजून कापायची होती. अशा वेळी वार निखाऱ्यावर शेकायची, म्हणजे ऊब नाळेतून चढते आणि पोरात जीव येतो, अशी उर्से गावातली रीत. येसूबाईची आई हेच करायची, येसूबाईनेही केलं होतं. पोर उठलं की निखाऱ्याचा गुण, नाही उठलं की सटवीने लिहिलेलं. निखाऱ्याला कधी कुणी बोल लावला नाही.

पण अडतीस सालच्या हिवाळ्यात वडगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तालुक्यातल्या सुइणी जमवल्या. येसूबाई गेली ती नाक मुरडतच. जन्मभर बाळंतपणं केली, आता ही बिनलग्नाची पोरगी आपल्याला काय शिकवणार! त्या पोरीने टेबलावर बकऱ्याची फुप्फुसं मांडली तेव्हा तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पिळून टाकलेल्या फडक्यासारखी ती पडली होती. डॉक्टरीणबाईंनी श्वासनळीत बोरू घालून फुंकलं आणि ती टम्म फुलून गुलाबी झाली. हसणं थांबलं.

"ही नळी आत झाडासारखी फुटत जाते," त्या म्हणाल्या. "टोकांना बारीक बारीक फुगे असतात. छातीखालचा पडदा खाली ओढला गेला की छाती मोठी होते आणि हवा आत येते. फुग्यांतून चांगली हवा रक्तात जाते, खराब हवा बाहेर पडते. पोटातल्या बाळाचे फुगे मात्र पाण्याने भरलेले. त्याला सगळं आईकडून मिळतं, नाळेवाटे. वार सुटली की ती वाट बंद. मग रडून त्यानेच आपले फुगे उघडायचे."

"आन् रडलंच न्हाई तर?" येसूबाईने विचारलं होतं.

"तोंड साफ करायचं, त्याच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवायचं आणि हळूच फुंकायचं. छातीभर नाही हं. गालात मावेल एवढीच हवा."

बाई, हे तुमच्या दवाखान्यात ठीक, असं तेव्हा येसूबाई मनात म्हणाली होती. डोंगरावरच्या ठाकरवाडीतल्या बाईने खालच्या गावातल्या पोराच्या तोंडाला तोंड लावलं, तर तिला पुन्हा कोण बोलावील? बयाबाई तिला पाणी द्यायच्या तेसुद्धा वरून, ओंजळीत.

आता ते निळं पोर तिच्या हातात होतं. बोलावणी गेली चुलीत, असं म्हणून तिने पदराने पोराच्या तोंडातला चिकटा काढला, त्याची मान किंचित मागे केली आणि फुंकर घातली. इवलीशी छाती वर आली.

"येसे!" खापरात निखारे घेऊन आलेल्या बयाबाई दारातच किंचाळल्या. "उष्टावलंस की गं माज्या नातवाला!"

येसूबाईचं तोंड बोलायला मोकळं नव्हतं. तिने पुन्हा फुंकलं. पुन्हा एकदा. पोराला उचकी लागल्यासारखं झालं, चेहरा आक्रसला, आणि त्याने असा टाहो फोडला की ओसरीवरचा आजा ताडकन उठून उभा राहिला. बाजेवरची सून, शालू, एकदम हसायला आणि रडायला लागली. पोराच्या ओठांवरचा निळेपणा हळूहळू सरला. येसूबाई भिंतीला टेकली. तिचा स्वतःचा श्वास तिला आत्ता कुठे सापडला.

"मावशी, शिव्या द्या, पन आदी नाळ कापू द्या," ती म्हणाली.

बयाबाई खापर धरून तशाच उभ्या होत्या. ओसरीवरून आजाने हाळी दिली, "उशिरा रडलं व्हय गं? काय केलं?"

"निखाऱ्यानं उठलं म्हना," येसूबाई खाली बघत पुटपुटली.

बयाबाई परसात गेल्या. विझणाऱ्या निखाऱ्यांचा चर्र आवाज आला.

"येसूनं फुकलं," त्या तिथूनच मोठ्याने म्हणाल्या. "सोताच्या तोंडानं. म्हून उठलं."

नाळ कापून, पोर शालूच्या कुशीत देऊन येसूबाई हात धुऊन आली, तोवर बयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. सवयीने येसूबाईने ओंजळ पुढे केली. बयाबाईंनी भरला तांब्या त्या ओंजळीत ठेवला आणि त्या नातवाकडे वळल्या.