सव्वा रुपया

विक्रांतरावांनी नाणं पुन्हा भिंगाखाली धरलं. मग खिडकीशी नेलं, मग मोबाइलच्या टॉर्चखाली, आणि शेवटी नखाने खरवडून पाहिलं. सालाच्या आकड्याखाली चांदणी होती. होती खरी, पण तिचं एक टोक उगाच खोल गेलं होतं. टांकसाळीचा ठसा असा बसत नाही. कोणीतरी ती सुईने कोरली होती, निवांत बसून, चांगल्या प्रकाशात.

त्यांनी नाणं अल्बममध्ये ठेवलं, अल्बम मिटला आणि लगेच पुन्हा उघडला.

चार आण्यांची नाणी, प्रत्येक सालची, प्रत्येक टांकसाळीची. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची चांदणी, कलकत्त्याची खूणच नाही. हा नाद त्यांना बँकेत असताना लागला आणि रिटायर झाल्यावर तर त्याने घरच ताब्यात घेतलं. अल्बममधला एक कप्पा तेवढा वर्षानुवर्षं रिकामा राहिला होता. गेंड्याचं चित्र, हैदराबादची चांदणी आणि नेमकं एक साल. दादरच्या प्रदर्शनात ते गेल्या आठवड्यात मिळालं. आपल्याकडची मूठभर दुबार नाणी देऊन त्यांनी ते घेतलं आणि ठाकूरद्वारला घरी येईपर्यंत खिशातला हात बाहेर काढला नाही.

लोअर परळला राहणाऱ्या लेकीने, वल्लरीने, त्याच दिवशी अल्बमचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ‘बाबांचं कलेक्शन कम्प्लीट!’ तेव्हापासून अंगठे आणि फुलं येत होती. मोबाइल वाजला की विक्रांतराव तो पालथा घालून ठेवायचे. कलकत्त्याच्या बिनखुणेच्या नाण्यावर कोणीतरी चांदणी काढली होती आणि अख्खं खानदान त्या चांदणीचं कौतुक करत होतं.

“अहो, हे चालतील ना हो देवळात?”

कालिंदीबाई देवघरातून आल्या होत्या. त्यांच्या हातात हळदीने पिवळं झालेलं एक फडकं होतं. त्यांनी टेबलावर त्याची गाठ सोडली. आत एक रुपया आणि चार आणे.

“काय हे?”

“नवसाचा सव्वा रुपया. आज फेडून टाकते. पण चार आणे आता बंद झालेत. पेटीत टाकले तर गुरुजी हसायचे नाहीत ना?”

“नवस कसला?”

“तुमचाच की. तुम्ही रविवारचे चोरबाजारात हिंडायला लागलात ना, तेव्हा प्रभादेवीला बोलले होते. यांचं एकदा पुरं होऊ दे, सव्वा रुपया वाहीन म्हणून.” त्या हसल्या. “झालं की नाही पुरं? वेळ लागला, पण ऐकलंन् तिने.”

विक्रांतरावांनी चार आणे उचलले, ते केवळ काहीतरी हातात घ्यावं म्हणून. गेंडा होता. त्यांनी ते उलटं केलं. हळद आकड्यांत जाऊन बसली होती, म्हणून साल ठसठशीत दिसत होतं. त्याच्याखाली चांदणी, सगळी टोकं सारखी.

त्यांना भिंगाची गरजच पडली नाही.

“चालेल ना?”

“चालेल,” ते म्हणाले.

“मग मी साडी बदलून येते. तुम्हीही चला.”

त्या आत गेल्या आणि विक्रांतराव नाणं तळहातावर घेऊन नुसते बसून राहिले. हैदराबाद, पुणे, नाशिक, सगळ्या प्रदर्शनांतून ज्याला शोधलं, ते त्यांच्याच देवघरात, रोजच्या उदबत्तीच्या धुरात बसलं होतं. कालिंदीने कधीतरी वाण्याकडून सुट्टे आणले असतील आणि वर आलेलं पहिलं नाणं बांधून ठेवलं असेल. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, त्यांना कळेना.

आतून कपाटाचं दार वाजलं. त्यांच्या हातांनी मग जे केलं ते इतक्या सफाईने केलं, की ते स्वतःच बघत राहिले. कोरलेलं नाणं कप्प्यातून निघून फडक्यात गेलं. हळदीचं कप्प्यात बसलं. शेवटी देवी काही भिंग लावून बसत नाही.

आता तरी बरं वाटायला हवं होतं. त्यांनी तशी वाटही पाहिली.

कालिंदीबाई बाहेर आल्या. निळी साडी, केसांत गजरा. त्यांनी फडक्याची गाठ मारली, पुरचुंडी दोन्ही डोळ्यांना लावली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाल्या. बहुतेक आभार मानत असाव्यात. विक्रांतरावांना ते बघवेना.

“थांब,” ते म्हणाले. “सोड ती गाठ.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी आत्ताची अदलाबदलसुद्धा. कालिंदीबाई उभ्याने ऐकत होत्या. ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या.

“देवीला खोटं नाणं वाहणार होतात?”

“हो.”

“आणि ते माझ्या हातून.”

विक्रांतरावांनी कोरलेलं नाणं फडक्यातून काढून बाजूला ठेवलं.

“मग नवस पुरा झालेलाच नाही,” कालिंदीबाई म्हणाल्या. “हे पुन्हा बांधून ठेवायला हवं. ते खरं नाणं घालून.”

“तेच तर. तू ते बांधून ठेवलंस, की माझं पुरं व्हायचंच नाही.”

“आणि पुरं झालं, की ते तिला द्यायचं.”

“दुसरे चार आणे नाही का चालणार? माझ्याकडे ढिगाने आहेत.”

“एकदा बांधलेलं बदलत नाहीत हो.”

आधी कालिंदीबाईंनाच हसू फुटलं. पदराने डोळे पुसत त्यांनी अल्बम नवऱ्याकडे सरकवला.

“आत्ता या घडीला सगळे कप्पे भरलेत?”

“भरलेत.”

“सगळी खरी?”

“सगळी.”

“मग बघून घ्या नीट. घाई नाही. मी चहा टाकते.”

विक्रांतरावांनी अल्बम पहिल्या पानापासून उघडला. घासून गुळगुळीत झालेली जुनी निकेलची नाणी, मग स्टीलची, मग गेंड्यांची रांगच्या रांग. कुठेही बोट अडखळलं नाही. शेवटच्या कप्प्यात हळदीचं नाणं इतर नाण्यांमध्ये पिवळं पिवळं उठून दिसत होतं. आल्याचा वास आला, कप वाजले. त्यांच्या लक्षात आलं, आपण बराच वेळ काहीच शोधत नाही आहोत. खूप वर्षांनी त्यांना आनंद झाला होता, आणि तो असा असतो हे ते विसरून गेले होते.

चहाचा कप पुढ्यात आला.

“पुरं,” विक्रांतराव म्हणाले आणि त्यांनीच ते नाणं कप्प्यातून बोटाने वर ढकललं.

प्रभादेवीला गर्दी बेताची होती. पेटीशी आल्यावर कालिंदीबाईंनी गाठ सोडून रुपया स्वतःच्या हातात घेतला आणि चार आणे नवऱ्याच्या हातावर ठेवले. आधी कालिंदीबाईंनी रुपया टाकला, मग विक्रांतरावांनी नाणं टाकलं. आत नोटाच नोटा असाव्यात, कारण आवाज आला नाही. विक्रांतराव कान देऊन उभेच राहिले.

“पडलं ना?” त्यांनी विचारलं.

“पडलं,” कालिंदीबाई म्हणाल्या आणि विक्रांतरावांच्या पिवळ्या झालेल्या बोटावरची हळद पुसून त्यांनी ती त्यांच्याच कपाळाला लावली.